हार्प्सिकॉर्डची निवृत्ती आणि वाद्यवृंदातील कामांची फेरवाटणी

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन भाषिक प्रदेशात जो वाद्यवृंद आकारास आला त्यास संगीतेतिहासात 'अभिजात वाद्यवृंद' असे संबोधण्यात येते. त्याच्या घडणीचे वर्णन करताना पाठ्यग्रंथांतून बहुधा नव्याने दाखल झालेल्या वाद्यांचा अनुक्रम दिलेला असतो : प्रथम ओबो व हॉर्न यांच्या जोड्या, मग बासरी, मग क्लॅरिनेट आणि शेवटी ट्रॉम्बोन. हा अनुक्रम ढोबळ मानाने खरा आहे. परंतु याच साठ-सत्तर वर्षांत एक वाद्य वाद्यवृंदातून बाहेर पडले आणि ते जे काम करीत होते ते इतर वाद्यांना वाटून घ्यावे लागले, या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ते वाद्य म्हणजे हार्प्सिकॉर्ड. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की, व्हिओला, हॉर्न व बसून या तीन वाद्यांस अभिजात वाद्यवृंदात जे स्थान लाभले त्याचा उलगडा हार्प्सिकॉर्डच्या रिकाम्या झालेल्या जागेचा विचार केल्यावाचून नीट होत नाही. आणि ही जागा कशी भरली गेली हे समजण्यास स्वरलेखांइतकीच दरबारी करारपत्रे, वेतनपत्रके व वाद्यकारांची बिले उपयोगी पडतात.

प्रथम हार्प्सिकॉर्ड नेमके काय करीत असे ते पाहू. सतराव्या शतकाच्या आरंभापासून युरोपीय संगीताची मांडणी दोन टोकांवर आधारलेली होती. वर चाल, खाली खर्ज. मधली जागा रचनाकार पुष्कळदा लिहूनच देत नसे. खर्जाच्या ओळीवर तो काही अंक टाकून ठेवी आणि त्या अंकांवरून कोणते स्वर एकत्र वाजवावयाचे हे हार्प्सिकॉर्डवादक जागच्या जागी ठरवी. या पद्धतीस 'बासो कंटिन्यूओ' म्हणतात. आपल्याकडील वाचकास येथे संगतीच्या पेटीची आठवण होणे स्वाभाविक आहे, आणि वादकाच्या स्वयंप्रज्ञेवर विसंबण्याच्या बाबतीत हे साम्य खरेही आहे. परंतु पेटीवाला गायकाच्या चालीमागून जातो, तर कंटिन्यूओचा वादक खर्जावर उभा राहून चालीला खालून आधार देतो. एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांचा जो मेळ (यापुढे त्यास 'स्वरमेळ' म्हटले आहे) तो या संगीताचा कणा होय, आणि तो पुरविण्याची जबाबदारी मुख्यतः या एका वादकावर होती. त्याखेरीज ताल एकत्र राखणे, चुकलेल्यास सावरून घेणे, प्रसंगी गायकास स्वर देणे हीही कामे त्याच्याकडेच असत. साहजिकच ते आसन बहुधा खुद्द कापेलमाइस्टरचे, म्हणजे दरबारच्या संगीतप्रमुखाचे असे.

शतकाच्या मध्यास या व्यवस्थेबद्दल कोणालाही शंका नव्हती. योहान योआखिम क्वांट्झ याने १७५२ साली प्रसिद्ध केलेल्या बासरीवादनावरील ग्रंथात वाद्यवृंदाचे प्रमाण ठरवून दिले आहे. चार व्हायोलिनांस एक व्हिओला, एक चेलो व एक डबल बास येथपासून तो आरंभ करतो आणि बारा व्हायोलिनांस तीन व्हिओला, चार चेलो, दोन डबल बास व तीन बसून येथपर्यंत येतो. हार्प्सिकॉर्ड मात्र लहान-मोठ्या प्रत्येक वृंदात तो गृहीतच धरतो. दहा वर्षांनी, १७६२ मध्ये, कार्ल फिलिप एमान्युएल बाख याने आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात याहून पुढची भूमिका घेतली : पट्ट्यांच्या वाद्याची साथ नसेल तर कोणतीही रचना समाधानकारक वठत नाही, उघड्यावर, मोठ्या वृंदात, जेथे हार्प्सिकॉर्ड ऐकू येईल असे कोणासही वाटणार नाही, तेथेसुद्धा ते नसले की उणीव भासते. हे दोघेही प्रशियाच्या फ्रेडरिक राजाच्या सेवेतील, बर्लिनच्या परंपरेत मुरलेले. त्यांच्या विधानांस त्या परंपरेचे प्रमाण म्हणून मान आहे. सर्व युरोपचा दाखला म्हणून ती स्वीकारता येत नाहीत, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

बर्लिनपासून दूर, ऱ्हाइनकाठच्या मानहाइम येथे, इलेक्टर कार्ल थिओडोर याच्या दरबारी निराळाच प्रयोग चालू होता. बोहेमियातून आलेला व्हायोलिनवादक योहान स्टामिट्झ १७५० मध्ये तेथील वाद्यसंगीताचा संचालक झाला आणि १७५७ मध्ये अल्पवयातच मरण पावला. १७५६ च्या सुमारास या वृंदात वीस व्हायोलिन, चार व्हिओला, चार चेलो व दोन डबल बास होते. वीस व्हायोलिनांनी एकाच वेळी गज वर नेणे व एकाच वेळी खाली आणणे, सर्वांनी मिळून हलक्या आवाजापासून क्रमाक्रमाने मोठ्या आवाजाप्रत चढणे, या शिस्तीमुळे मानहाइमची कीर्ती झाली. चार्ल्स बर्नी याने १७७२ साली तो वृंद ऐकला व सेनापतींच्याच बनलेल्या सैन्याची उपमा त्यास दिली. (सुषिर वाद्ये सुरात नसतात, अशी तक्रारही त्याने नोंदविली आहे. उपमा सर्व जण उद्धृत करतात, तक्रार कोणी करीत नाही.) येथे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे की, हा वृंद व्हायोलिनवादकाने पहिल्या व्हायोलिनच्या जागेवरून घडविला. आवाजाच्या चढउतारावर उभारलेल्या संगीतात हार्प्सिकॉर्डचे काही चालण्यासारखे नव्हते. त्याची तार पिसाच्या टोकाने छेडली जाते. पट्टी हळू दाबा की जोरात, ध्वनी जवळजवळ सारखाच. वीस व्हायोलिने तारस्थायीकडे गर्जत निघाली असता त्या वाद्यास त्यांच्यासमवेत चढता येत नाही, आणि ती कुजबुजू लागली असता त्यास लपताही येत नाही.

तथापि मानहाइमचा वृंद धनाढ्य दरबाराचा होता व तेथे वादकांची वाण नव्हती. खरा पेच लहान वृंदात कसा सुटला हे पाहावयाचे तर हंगेरियन सरदार एस्टरहाझी यांच्या आयझेनश्टाट येथील वाड्यात जावे लागते. १ मे १७६१ रोजी योझेफ हायडनने तेथील दुय्यम कापेलमाइस्टर म्हणून करारपत्रावर सही केली. वेतन सालीना ४०० गुल्डन. पांढरे मोजे, पांढरे वस्त्र व पावडर लावलेले केस अशा वेषात हजर राहावे, दुपारच्या आधी व नंतर मालकाच्या दालनाबाहेर आज्ञेसाठी थांबावे, वादकांची भांडणे मिटवावीत, वाद्ये व स्वरलेख यांची निगा राखावी, अशी त्या पत्रातील कलमे. त्यांवरून हायडनच्या 'दास्या'विषयी पुष्कळ हळहळ व्यक्त झालेली आहे. ती बाजूस ठेवून याच कलमांकडे वाद्यवृंदाच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले तर निराळाच लाभ होतो. वाद्यांची खरेदी-दुरुस्ती ज्याच्या हाती, रचना करणारा जो, आणि वादकांचे वेतन-वर्तन ज्याच्या देखरेखीखाली, तो मनुष्य एकच होता. कोणते वाद्य काय करू शकते व कोणता वादक काय करू शकतो हे त्याला रोज डोळ्यांसमोर दिसत होते.

हा वृंद आरंभी सुमारे पंधरा जणांचा होता आणि १७८० नंतरही तो पंचविसांच्या आतच राहिला. एवढ्या थोड्या माणसांत प्रत्येकाचे जाणे-येणे स्वरलेखात उमटते. १७६१ सालच्या 'सकाळ', 'दुपार' व 'संध्याकाळ' या तीन सिंफनींत व्हायोलिन, चेलो, बासरी, बसून, इतकेच काय पण डबल बासलाही स्वतंत्र वादनाची संधी दिलेली आढळते. नव्या प्रमुखाने आपल्या सहकाऱ्यांशी केलेला हा परिचयच म्हणावयाचा. १७६३ नंतर काही काळ दरबारी चार हॉर्नवादक होते, म्हणून १७६५ च्या एकतिसाव्या सिंफनीत चार हॉर्न आहेत. त्याच वर्षी बासरीवादक फ्रांत्स सिगल याने पक्ष्यांवर बंदूक झाडताना एका छपराला आग लावली आणि त्याची नोकरी गेली. पुढे त्यास परत घेण्यात आले. वाद्ययोजनेच्या शैलीविषयी सिद्धांत मांडणाऱ्याने असल्या प्रसंगांची आठवण ठेवावी हे बरे.

आता प्रश्न असा की, या वृंदात हार्प्सिकॉर्ड कोण वाजवीत होते? विसाव्या शतकातील बहुतेक अभ्यासकांनी, क्वांट्झ व बाख यांच्या आधारे, हायडन स्वतः हार्प्सिकॉर्डवर बसून सिंफनी चालवीत असला पाहिजे असे गृहीत धरले होते. हायडनच्या सिंफनींचे थोर अभ्यासक एच. सी. रॉबिन्स लँडन यांचाही कल त्याच बाजूस होता. या गृहीताला जेम्स वेब्स्टर यांनी १९९० सालच्या निबंधात जोरदार आव्हान दिले. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा साधा आहे. हायडनच्या सिंफनींच्या विश्वसनीय प्रतींत खर्जाच्या ओळीवर अंक आढळत नाहीत. पट्ट्यांचे वाद्य वाजविणारा सर्वांत योग्य माणूस हायडन स्वतःच. परंतु सिंफनीच्या वेळी तो व्हायोलिन घेऊन बसत असे असे दिसते. मग हार्प्सिकॉर्डपाशी बसावयास उरतो कोण?

वेब्स्टर यांच्या मताला मला सर्वांत बळकट वाटणारा आधार १७७२ च्या पंचेचाळिसाव्या, म्हणजे 'निरोपाच्या' सिंफनीत मिळतो. तिची कथा सर्वपरिचित आहे. एस्टरहाझाच्या ग्रीष्मप्रासादात सरदाराचा मुक्काम लांबत चालला, वादकांना घरी परतण्याची ओढ लागली, आणि हायडनने अखेरच्या भागात एकेकाला आपली ओळ संपवून उठून जाण्याची योजना केली. प्रथम पहिला ओबो व दुसरा हॉर्न जातात, नंतर बसून, मग दुसरा ओबो व पहिला हॉर्न, त्यानंतर डबल बास, चेलो, बाकीची व्हायोलिने आणि व्हिओला. शेवटी दोनच व्हायोलिने उरतात. परंपरेनुसार ती वाजविणारे वृंदप्रमुख लुईजी टोमासिनी आणि स्वतः हायडन. या प्रयाणात प्रत्येक वाद्याला निघण्याची वेळ दिलेली आहे. हार्प्सिकॉर्डला दिलेली नाही. ते जर तेथे असते तर डबल बास व चेलो निघून गेल्यावर खर्जाची ओळच संपलेली असताना त्याचा वादक काय करीत बसला असता? तो नव्हता असे मानले की कोडे उरत नाही.

अर्थात हा निष्कर्ष सर्वत्र लागू करता येणार नाही. ऑपेरातील संवादात्मक गायनाला हार्प्सिकॉर्डची साथ शतकाच्या अखेरीपर्यंत टिकून होती, चर्चमध्ये ऑर्गन होताच, आणि मोझार्ट आपल्या पियानो-कन्चेर्तोंत एकल भाग नसतानाही डाव्या हाताने खर्जाबरोबर जात असे असे त्याच्या स्वरलेखांवरून दिसते. हायडनच्या सिंफनींच्या ध्वनिमुद्रणांतही मतभेद राहिले आहेत : रॉय गुडमन यांच्या मुद्रणांत हार्प्सिकॉर्ड ठळकपणे ऐकू येते, तर ख्रिस्तोफर हॉगवुड यांनी ते वर्ज्य केले. दोन्ही पक्ष ऐकून जिज्ञासूंनी स्वतः निर्णय करावा. मात्र ऐकताना हार्प्सिकॉर्ड असण्या-नसण्यापेक्षा मधल्या जागेत काय चालले आहे तिकडे कान द्यावा, असे सुचवावेसे वाटते. कारण खरा फेरबदल तेथे झाला.

या मधल्या जागेचा पहिला हक्कदार व्हिओला. शतकाच्या मध्यापर्यंत या वाद्याची स्थिती केविलवाणी होती. पुष्कळ रचनांत त्याला स्वतंत्र ओळच नसे. चेलोची ओळ एक सप्तक वर वाजविणे एवढेच त्याचे काम. क्वांट्झनेही व्हिओलावादकाकडे लोक कमीपणाने पाहतात अशी नोंद केली असून ते अयोग्य आहे असे म्हटले आहे. हार्प्सिकॉर्ड असेतोपर्यंत व्हिओलाने खर्जाची पुनरुक्ती केली तरी बिघडत नव्हते, कारण स्वरमेळ भरून काढणारा दुसरा होता. तो गेल्यावर चाल व खर्ज यांमधील स्वर कोणी तरी प्रत्यक्ष वाजविणे भाग झाले, आणि ते रचनाकाराला स्वतः लिहून देणे भाग झाले. मोझार्टच्या १७८८ च्या जी मायनर सिंफनीचा आरंभ या स्थित्यंतराचा उत्तम नमुना होय. तेथे चाल सुरू होण्यापूर्वी दोन गटांत विभागलेल्या व्हिओलांचे द्रुत, अस्वस्थ गुणगुणणे ऐकू येते. पन्नास वर्षांपूर्वीचा रचनाकार ही जागा चार अंक टाकून मोकळा झाला असता. मोझार्टने ती अक्षरशः लिहिली, आणि साथीचे कामच रचनेच्या भावस्थितीचे वाहक बनले. मोझार्ट स्वतः चतुष्कांत व्हिओला आवडीने वाजवी. मधल्या जागेवर बसणाऱ्याला काय ऐकू येते हे त्याला ठाऊक होते.

दुसरा हक्कदार हॉर्न, आणि त्याची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. हॉर्न मूळचे शिकारीचे वाद्य. त्या काळचा हॉर्न म्हणजे वेटोळे केलेली एक लांब पितळी नळी. तिला झडपा नाहीत, छिद्रे नाहीत. अशा नळीतून कोणते स्वर निघतात हे आपल्या वाचकास तंबोऱ्याच्या उदाहरणाने चटकन उमजेल. खर्जाची तार छेडली असता तिच्यातून स्वयंभू गंधार उमटतो. त्याचप्रमाणे प्रत्येक ध्वनीत मूळ स्वरावर उभी असलेली स्वयंभू स्वरांची एक शिडी असते. हॉर्नवादक ओठांच्या ताणाने या शिडीवरील एकेका पायरीवर उभा राहतो. खाली पायऱ्या दूर दूर आहेत. वर त्या जवळ येतात आणि आठव्या पायरीपासून पुढे सप्तकासारखे काही तरी मिळू लागते, तेही अकरावी व तेरावी पायरी किंचित बेसूर ठेवून. मूळ स्वर बदलावयाचा असेल तर नळीत निराळ्या लांबीचा जोड बसवावा लागे. ड्रेस्डेनचा हॉर्नवादक आन्टोन हांपेल याने शतकाच्या मध्याच्या सुमारास वाद्याच्या रुंद मुखात हात घालून मधले स्वर काढण्याची युक्ती रूढ केली असे मानतात. परंतु असे झाकलेले स्वर दबके निघत आणि एकल वादनात शोभले तरी वृंदात रचनाकार त्यांच्यावर फारसे विसंबत नसत.

असले अपुरे वाद्य वृंदाच्या मध्यभागी का आले? त्याच्यापाशी असे काही होते, जे हार्प्सिकॉर्डपाशी कधीच नव्हते. हार्प्सिकॉर्डचा ध्वनी उमटताच विरू लागतो. हॉर्नची जोडी मूलस्वर व त्याचा पंचम धरून चार-चार मात्रा स्थिर राहू शकते, आणि तंतुवाद्यांची हालचाल त्या स्थिर पार्श्वभूमीवर उठून दिसते. ओबोंची जोडी वर व हॉर्नची जोडी मध्ये, अशी योजना केली की थोड्या तंतुवाद्यांचा वृंदही भरीव वाटतो. १७६० ते १७७० या दशकातील असंख्य सिंफनी 'दोन ओबो, दोन हॉर्न व तंतुवाद्ये' अशाच का आहेत याचे हे एक प्रमुख कारण मला दिसते. अंकांकित खर्जाचे जे काम एक वादक दहा बोटांनी करीत होता ते आता चार सुषिर वाद्ये व व्हिओला मिळून करू लागली.

परंतु अंक वाचून कोणत्याही पट्टीत कोणताही स्वरमेळ वाजविणारा वादक, आणि ठरावीक पायऱ्यांवरच उभा राहू शकणारा हॉर्न, यांत मोठा फरक आहे. मेजर स्वरपट्टीत अडचण थोडी. मायनर पट्टीत ती एकदम जाणवते. जी स्वरावर लावलेल्या हॉर्नचा स्वयंभू गंधार शुद्ध असतो, आणि जी मायनर पट्टीला हवा असतो कोमल. म्हणून हायडनने एकोणचाळिसाव्या सिंफनीत दोन हॉर्न जी वर व दोन बी फ्लॅटवर लावले; एका जोडीला न मिळणारे स्वर दुसरी पुरवी. मोझार्टने १७७३ च्या लहान जी मायनर सिंफनीत हीच चार हॉर्नची योजना केली. पंधरा वर्षांनी मोठ्या जी मायनर सिंफनीत त्याने हॉर्न दोनच घेतले, परंतु एक बी फ्लॅटवर व एक जी वर लावला. ज्यांना आजवर जोडीजोडीने एकाच शिडीवर चालण्याची सवय, त्यांना त्याने दोन भिन्न शिड्यांवर उभे केले. कागदावर पाहता ही ओळ तुटक व चमत्कारिक दिसते. ऐकताना स्वरमेळात कोठे खिंड पडलेली जाणवत नाही.

'निरोपाची' सिंफनी येथे पुन्हा आठवते. तिची एफ शार्प मायनर ही पट्टी त्या काळी सिंफनीत अत्यंत दुर्मिळ. तिच्या मिन्युएटसाठी हॉर्न एफ शार्पवर लावावे लागतात, आणि असे जोड दरबारच्या संग्रहात नव्हते. १७७२ च्या ऑक्टोबरमध्ये हॉर्नसाठी अर्ध्या स्वराचे खास जोड करवून घेतल्याचा दाखला एस्टरहाझी दप्तरात आहे. सरदाराला सुट्टीची विनवणी करणाऱ्या या रचनेचे पितळी सामान सरदाराच्याच खजिन्यातून आले. हा किरकोळ कागद मला त्या कथेहून अधिक बोलका वाटतो; हायडनने पट्टी कल्पनेत आधी निवडली आणि वाद्याला तिच्यापर्यंत आणले, हे त्यातून सिद्ध होते. एरवी बहुधा याच्या उलट घडत असे.

बसूनचे स्थित्यंतर याहून संथपणे झाले. खर्जाच्या ओळीत चेलोबरोबर चालणे हे त्याचे मूळ काम. अनेक हस्तलिखितांत त्याचा उल्लेखही नसे, 'खर्ज' म्हटले की तो आलाच. स्वयंभू शिडीचे बंधन त्याला नाही. छिद्रे व चाव्या यांच्या साहाय्याने तो आपल्या विस्तारातले जवळजवळ सर्व स्वर काढू शकतो, म्हणून हॉर्न जेथे अडे तेथे बसूनला हाक मारली जाऊ लागली. मोझार्टच्या व्हिएन्नातील पियानो-कन्चेर्तोंत तो खर्ज सोडून मधल्या सप्तकात गाऊ लागतो. क्लॅरिनेटविषयी येथे थोडक्यात सांगणे पुरे. न्यूरेंबर्गच्या डेन्नर घराण्यात अठराव्या शतकाच्या आरंभी ते सिद्ध झाले, मानहाइमला ते रुळले, आणि मोझार्टने १७७८ च्या डिसेंबरमध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात आपल्याकडेही क्लॅरिनेटे असती तर किती बरे झाले असते अशी हळहळ व्यक्त केली. त्याच वर्षीच्या 'पॅरिस' सिंफनीत त्याने ती योजली होती. हायडनच्या सिंफनींत ती येतात ती नव्व्याण्णवाव्या सिंफनीपासून, म्हणजे १७९३ मध्ये. मधल्या जागेची घडी तोवर बसलेली होती. क्लॅरिनेटने तिच्यात रंग भरला.

ट्रम्पेट व टिंपनी यांचे स्थान वेगळे. ही जोडी राजेशाही समारंभांतून व घोडदळातून आलेली, आणि वृंदातही ती सलामीला उभी असल्यासारखीच राहिली : मूलस्वर व पंचम, बहुतेक सी किंवा डी पट्टीत. बाखच्या पिढीतले ट्रम्पेटवादक शिडीच्या अगदी वरच्या पायऱ्यांवर चपळ चाली वाजवीत. ती विद्या शतकाच्या उत्तरार्धात लोपत गेली आणि ट्रम्पेट आघातापुरते उरले. म्हणूनच मोझार्टच्या मोठ्या जी मायनर सिंफनीत ट्रम्पेट व टिंपनी मुळीच नाहीत, ही गोष्ट तिच्या अंतर्मुख वृत्तीशी सुसंगत आहे.

हायडन १७९१ च्या आरंभी लंडनला पोचला तेव्हा तेथे सुमारे चाळीस जणांचा वृंद त्याच्यासाठी सिद्ध होता. त्याचे नेतृत्व योहान पेटर सालोमॉन व्हायोलिनवरून करीत असे, आणि हायडन पियानोपाशी बसे. इंग्रज श्रोत्यांना प्रत्यक्ष रचनाकार समोर बसलेला पाहावयाचा होता. पियानोचे आसन हे त्याचे मानाचे आसन झाले होते. या स्थितीवर हायडनने स्वतःच एक मार्मिक टिप्पणी केली आहे, शब्दांत नव्हे तर स्वरांत. २ मार्च १७९२ रोजी प्रथम सादर झालेल्या अठ्ठ्याण्णवाव्या सिंफनीच्या अखेरीस, सर्व काही संपत आले असे वाटत असता, पट्ट्यांच्या वाद्याला अकरा मापांची स्वतंत्र लकेर दिलेली आहे. ती त्याने स्वतः वाजविली. जे वाद्य शंभर वर्षे अखंड वाजत असूनही वेगळे असे कोणी ऐकत नव्हते ते येथे क्षणभर सर्वांना ऐकू आले, आणि ऐकू आले याचे श्रोत्यांना नवल वाटावे अशीच योजना होती. कंटिन्यूओ खरोखर चालू असते तर त्या लकेरीत नवल कसले?

व्हिएन्नात या फेरवाटणीला एक निराळा आधार मिळाला होता. १७८२ साली सम्राट दुसरा योझेफ याने दरबारी सेवेसाठी आठ सुषिरवादकांचा स्वतंत्र ताफा नेमला : दोन ओबो, दोन क्लॅरिनेट, दोन हॉर्न, दोन बसून. असल्या ताफ्याला जर्मन भाषेत 'हार्मनी' असेच नाव आहे. हे नाव अर्थपूर्ण आहे. चाल, मध्य व खर्ज यांची पूर्ण व्यवस्था ही आठ वाद्ये आपसांत लावू शकत. भोजनप्रसंगी, उद्यानांत, रस्त्यांवर, लोकप्रिय ऑपेरांतील चाली ती वाजवीत. हार्प्सिकॉर्डचा आधार न घेता स्वरमेळ पूर्ण करणारे वादक अशा रीतीने शहरात तयार झाले, आणि सिंफनी लिहिणाऱ्याला ते आयते लाभले.

२ एप्रिल १८०० रोजी बुर्गथिएटरात बेथोव्हेनची पहिली सिंफनी सादर झाली तेव्हा लाइपझिगच्या संगीतविषयक नियतकालिकाच्या वार्ताहराने एक आक्षेप घेतला : सुषिर वाद्यांचा वापर इतका अधिक की, पूर्ण वाद्यवृंदाऐवजी 'हार्मनी'च ऐकत आहोत असे वाटावे. या आक्षेपाची पुढे पुष्कळ थट्टा झाली. परंतु त्या टीकाकाराचा कान तीक्ष्ण होता. त्याने जे दोष म्हणून नोंदविले ते घडत होतेच. मधली जागा भरण्यासाठी आत घेतलेली वाद्ये आता तेथे मावत नव्हती. ती चालीवर हक्क सांगू लागली होती.

या कामांच्या वाटणीत वाद्यांच्या मर्यादा तरीही किती प्रभावी राहिल्या हे बेथोव्हेनच्याच पाचव्या सिंफनीत दिसते. २२ डिसेंबर १८०८ रोजी थिएटर आन देर वीन येथे ती प्रथम वाजली. तिच्या पहिल्या भागात दुसरा विषय सुरू होण्यापूर्वी हॉर्नची जोडी सहा स्वरांची एक धीट ललकारी देते. ते हॉर्न ई फ्लॅटवर लावलेले आहेत आणि ललकारीही त्याच पट्टीत आहे, त्यामुळे स्वर मोकळे व दणदणीत निघतात. पुनरावर्तनात हीच ललकारी सी मेजरमध्ये येते. ई फ्लॅटच्या शिडीवर ते स्वर मोकळे मिळत नाहीत. जोड बदलावा तर हॉर्न क्षणापूर्वीपर्यंत सर्वांबरोबर वाजत असल्यामुळे सवड नाही. बेथोव्हेनला ही युक्ती अपरिचित नव्हती. तिसऱ्या सिंफनीच्या पहिल्या भागात पुरेसे विराम ठेवून त्याने पहिल्या हॉर्नला एफ वर जावयास लावले होते. येथे त्याने ललकारी बसूनच्या जोडीकडे सोपविली.

पुढे १८१४ च्या सुमारास हॉर्नला झडपा बसविण्याचे प्रयोग सुरू झाले आणि क्रमाने कोणत्याही पट्टीतला कोणताही स्वर हॉर्नला सुलभ झाला. आज मुंबईच्या रंगमंचावर पाचवी सिंफनी ऐकणाऱ्यास जो हॉर्न दिसतो तो हा झडपांचा. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून अनेक संचालकांनी ती ललकारी बसूनकडून काढून घेऊन हॉर्नला दिली, अथवा दोघांकडून वाजवून घेतली. बेथोव्हेनला मनातून हेच हवे असणार, असा त्यांचा युक्तिवाद. उलट पक्षाचे म्हणणे असे की, दुसऱ्या वेळी तीच ललकारी थोडी खरखरीत, थोडी थट्टेखोर अशी बसूनच्या कंठातून यावी हेच त्याने ऐकले व लिहिले. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे, कारण हॉर्न जेथे अडतो तेथे बसूनला बोलावण्याची रीत त्याच्या आधीच्या पिढीनेच घालून दिली होती आणि तिच्यात वाढलेल्या श्रोत्याला ही उसनवारी वाटली असेल असे दिसत नाही. ज्या मुद्रणांत जुन्या घडणीचे, झडपा नसलेले हॉर्न वापरले आहेत त्यांत ही जागा लक्ष देऊन ऐकावी. तेथे बसूनांचा आवाज भोवतालच्या वाद्यांत बुडत नाही. पुष्ट आधुनिक तंतुवाद्यांच्या मोठ्या ताफ्यात तो बुडतो, आणि मग संचालकाला तेथे काही तरी उणे आहे असे वाटू लागते.